वरच्या रेघेचं देणं

अक्षरांचं काम करून मी आयुष्यभर पोट भरलं. पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंकांची शीर्षकं, औषधांची लेबलं, बँकांची पत्रकं, नात्यागोत्यातल्या लग्नपत्रिका. कुठे शिकलात असं कुणी विचारलं की मी ‘जे. जे.’ म्हणतो आणि पुढचे प्रश्न थांबतात. त्या उत्तरात खोटं काही नाही. पण मला जे येतं ते ज्यांच्यामुळे येतं, त्यातली सगळी माणसं त्या आवारातली नव्हती. एकाने तर मला कधी पाहिलंही नव्हतं. त्यांची नोंद कुठेतरी व्हावी म्हणून हे लिहितोय.

आम्ही लालबागचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहावीला होतो. चाळीत जवळजवळ प्रत्येक घरात गिरणीचं कुणीतरी होतं. आमच्याकडे नव्हतं. बाबा गिरगावात, ठाकुरद्वारजवळच्या एका लहानशा छापखान्यात कंपोझिटर होते. पगार बेताचाच, पण महिन्याच्या महिन्याला येत राहिला. शेजारची माझ्या बरोबरीची मुलं शाळा सोडून मिळेल त्या कामाला लागली आणि मी चित्रं काढत राहू शकलो. ही काही माझी हुशारी नव्हती. शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाईंनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं, फॉर्मची फीसुद्धा एकदा त्यांनीच भरली. पुढे जे. जे.ला जायचं असतं, हेही त्यांनीच सांगितलं.

बारावीनंतर, १९८४ मध्ये, मी जे. जे.च्या उपयोजित कला संस्थेत दाखल झालो. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेलं मूळचं स्कूल ऑफ आर्ट. त्यात १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग निघाला आणि १९५८ मध्ये त्याची वेगळी संस्था झाली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला पेंटिंग आणि अप्लाइड यांतला फरकही धड सांगता आला नसता. अप्लाइड केलं की जाहिरातीत नोकरी लागते एवढंच ऐकून होतो आणि घरात तेवढं पुरेसं होतं. आवारात लेखक किपलिंगचं म्हणून ओळखलं जाणारं घर आहे, बाहेर पडलं की क्रॉफर्ड मार्केट. तिथे फळांच्या ढिगांची स्केचेस करताना, दारावरच्या शिल्पपट्ट्या त्याच किपलिंगच्या वडिलांनी, आमच्याच शाळेतल्या मास्तरांनी केल्या आहेत, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नसायचं. लक्ष असायचं भय्याकडे, तो कधी हाकलतो याकडे.

अक्षरलेखनाच्या तासाला आम्ही रोमन अक्षरांपासून सुरुवात केली. रोट्रिंग पेन, फ्लॅट ब्रश, पोस्टर कलर, ट्रेसिंग पेपर. ए आणि व्ही शेजारी आले की मधली जागा कशी ओढून घ्यायची, एच आणि आय शेजारी आले की कशी सोडायची. पट्टीने मोजायचं नाही, डोळ्याने मोजायचं. हे शिक्षण फार चांगलं होतं आणि मला ते आवडलंही. लेट्रासेटच्या शीटवरून अक्षरं घासून उतरवताना आपण कुणीतरी झालो असं वाटायचं. पण ते सगळं इंग्रजीचं. मराठीला लेट्रासेट नव्हतं म्हटलं तरी चालेल. मराठी मथळा हाताने काढायचा. मी तोही इंग्रजीच्याच हिशोबाने काढायचो, आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षी कॅलेंडरच्या कव्हरचं सबमिशन होतं. मोठ्या अक्षरांत एकच शब्द, ‘मुंबई’. मी प्रत्येक अक्षराभोवती ऐसपैस हवा सोडली. परदेशी मासिकांत तेव्हा तसं फार दिसायचं. आमचे लेटरिंगचे सर मितभाषी होते. त्यांनी बोर्ड हातात घेतला, लांब धरला आणि विचारलं, “घरी कुणाला वाचायला दिला होतास?”

“नाही सर.”

“देऊन बघ.”

एवढंच बोलून ते पुढच्या मुलाकडे वळले. घरी द्यायचा म्हणजे कुणाला? आई चुलीशी. बाबा रात्री नऊला येत, जेवून पेपर वाचत. मी बोर्ड त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म आणि ब यांच्या मधल्या फटीवर अंगठ्याचं नख ठेवलं.

“ही रेघ का तोडलीस?”

मी अक्षरांमध्ये हवा लागते वगैरे सांगितलं.

“इंग्रजीत लागत असेल. आपल्याकडे शब्दाच्या आत काही घालत नाहीत. घातलं की रेघ तुटली. रेघ तुटली की शब्द मोडला. जागा काढायची ती दोन शब्दांच्या मध्ये.”

“आणि तिथे निघत नसेल तर?”

“तर एखादा शब्द बदला म्हणून संपादकाला सांगायचं,” असं म्हणून ते हसले आणि पुन्हा पेपरात शिरले.

त्या शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी पहिल्यांदा काही बघायचं म्हणून छापखान्यात गेलो. लहानपणी डबा द्यायला कितीदा गेलो होतो. तेव्हा दिसायचं ते काळं ट्रेडल मशीन आणि शाईचा वास. आता बाबांच्या शेजारी उभा राहिलो. समोर उतरत्या लाकडी केसेस, त्यांत लहानमोठी घरं. इंग्रजीचं काम थोड्या घरांत भागतं. मराठीला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, उकार लागलेली, रफार लागलेली, अशी शेकडो घरं लागतात आणि त्यातल्या एकावरही नाव लिहिलेलं नसतं. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात घराघरांत फिरतो. खिळ्याच्या, म्हणजे शिशाच्या अक्षराच्या, अंगावर एक खाच असते. ती बोटाला लागली की खिळा सरळ आहे हे न बघता कळतं. मजकूर उलटा दिसतो, पण बाबा तो वाचताना अडखळत नव्हते.

ओळ भरत आली की खरं काम सुरू व्हायचं. शब्दांच्या मध्ये कोरे खिळे, ते पुरेनात तर पितळेची पातळ पट्टी, तीही जाड झाली तर कागदाचा कपटा. ओळ अशी घट्ट बसली पाहिजे की स्टिक तिरकी केली तरी एक अक्षर हलता कामा नये. बाबा खिळे उचलतानाही निवडून उचलत होते. जुना झिजलेला आणि नवा ओतलेला शेजारी आला तर शिरोरेषेला पायरी पडते, जोडावर पांढरी फट दिसते. म्हणून एका शब्दात एकाच झिजेचे खिळे. रफार नि वेलांट्या बाहेर झुकलेल्या असल्याने आधी मोडतात, तेवढ्या मोडक्या एका डबीत वेगळ्या ठेवलेल्या. हे सगळं एका लग्नपत्रिकेसाठी चाललं होतं. ती वाचून लोक घडी घालून कपाटात टाकणार होते.

मी कॉलेजात जे शिकत होतो तेच हे, असं मला त्याआधी वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर बाबांनाही वाटलं नव्हतं. मुलगा ‘आर्टिस्ट’ होतोय आणि आपण खिळे जुळवतो, अशी त्यांची सरळ वाटणी होती आणि त्यात त्यांना दुःखही नव्हतं.

कव्हर पुन्हा केलं. रेघ सलग ठेवली आणि हवा अक्षरांच्या पोटात सोडली, म रुंद केला, ब चा गोल मोकळा केला. सरांनी कुणी सांगितलं असं विचारलं. मी बाबांचं नाव घेतलं. पुढच्या आठवड्यात सर स्वतःच ठाकुरद्वारला आले. स्टुलावर बसून त्यांनी तासभर प्रश्न विचारले, काचेच्या ग्लासातला चहा प्यायले आणि दोन मोडके रफार मागून घेतले. रात्री बाबा म्हणाले, “तुमच्या सरांना खिळ्यातलं कळतं थोडं.” त्यांच्या तोंडून याहून मोठी पावती मी कुणाबद्दल ऐकली नाही.

सरांनीच मग मला ग्रंथालयात बापूराव नाईकांचे देवनागरी मुद्राक्षरांवरचे तीन खंड दाखवले. १९७१ मध्ये सरकारच्या भाषा संचालनालयाने काढलेले, इंग्रजीत. पुस्तक घरी नेता येत नसे, म्हणून मी नमुने ट्रेस करून न्यायचो. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ट्रेसिंग दिव्यासमोर धरून, हे मुंबई वळण, हे कलकत्त्याचं, हे ते बोट ठेवून सांगत. अ, झ, ण बघायचे की झालं. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी, त्यांच्यासाठी पंच कोरणारे राणोजी आरू, ही नावं मी पुस्तकात वाचली. बाबांनी ती आपल्या वस्तादाकडून ऐकली होती. काळबादेवी आणि गिरगाव एवढ्याशा टापूत मराठी आणि संस्कृतचं केवढं तरी छापून झालं, आणि त्याच टापूतून मी रोज बसने आरपार जायचो.

त्याच टापूत, खटाववाडीत मौजेचं प्रिंटिंग ब्यूरो होतं. मौजेचा दिवाळी अंक बाबा विकत घेत नसत, कुणाकडून तरी आणत. कथा वाचण्याआधी ते पानाचा उजवा काठ बघत. “बघ, कुठे ओढाताण नाही.”

ज्याने मला कधी पाहिलं नाही तो माणूस म्हणजे कमल शेडगे. १९५५ पासून ते टाइम्सच्या कला विभागात होते, म्हणजे आमच्याच दादाभाई नौरोजी रस्त्यावर. मी कधी वर चढून गेलो नाही. धीर झाला नाही. पण ‘महाराष्ट्र टाइम्स’मधल्या नाटकांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवायचो. शिवाजी मंदिर, साहित्य संघ, दामोदर हॉल, सगळ्यांचे प्रयोग एकाच पानावर खच्चून भरलेले. त्या गर्दीत त्यांनी काढलेलं नाटकाचं नाव वाचण्याआधीच ओळखू यायचं. ‘मत्स्यगंधा’ तर लोकांना अक्षरासकट पाठ होतं. माझी वही चाळताना बाबा एका शीर्षकावर थबकले. “हा माणूस रेघ तोडतो. तरी शब्द मोडत नाही. कसं काय?”

त्याचं उत्तर शोधण्यात माझं शेवटचं वर्ष गेलं आणि खरं तर पुढचीही बरीच. माझ्यापुरतं कळलं ते असं. खिळ्याला शेजारी कोण येणार हे माहीत नसतं, म्हणून त्याला रेघेचा आधार लागतो. हाताने काढणाऱ्याला पुढचं अक्षर ठाऊक असतं. रेघ काढून घेतली तर तिचं काम तो काना, वेलांटी, उकार यांच्यावर सोपवतो. एक अक्षर दुसऱ्याला धरून ठेवतं. शेडग्यांची रेषा मला कधी साधली नाही. पण रेघ सोडायची असेल तर आधी तिच्या जागी काय ठेवणार हे ठरव, एवढी शिस्त त्यांच्या कात्रणांनी लावली. जुलै २०२० मध्ये ते गेले. टाळेबंदी होती, वर्तमानपत्रही घरी येत नव्हतं. बातमी मला फोनवर कळली.

र. कृ. जोशींबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्याविषयी अधिकाराने बोलणारे पुष्कळ आहेत. कवी, सुलेखनकार, उल्का जाहिरात संस्थेतून पवईच्या आयआयटीत शिकवायला गेलेले. माझ्या विद्यार्थिदशेत त्यांची अक्षरं मी प्रदर्शनांत पाहिली आणि मला ती फारशी कळली नाहीत. अक्षर म्हणजे आकार नव्हे, हाताची हालचाल, हे उमजायला वेळ लागला. पुढे संगणकावर मराठी आलं तेव्हा विंडोज २००० बरोबर मिळालेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. आज ज्याला त्याचं नाव माहीत नाही त्यानेही त्यात एखादा अर्ज टाइप केलेला असतो.

पदवीनंतर एका जाहिरात संस्थेत लागलो. इंग्रजी जाहिरात आधी तयार व्हायची आणि तिच्या मापात मराठी बसवायची. मराठी मजकूर लांबतो, वर मात्रा खाली उकार, ओळींना उंची जास्त लागते. हे दर वेळी नव्याने सांगावं लागे. मी ते बाबांच्या शब्दांत सांगायचो, एखादा शब्द बदला म्हणून. बहुतेकदा बदलत नसत. कधीतरी बदलत.

नव्वदच्या दशकात छापखाना बंद झाला. शिसं वजनावर गेलं. बाबांनी घरी काही आणलं नाही. त्या वस्तू घरात ठेवायच्या नसतात असं त्यांचं मत होतं. पुढे माझ्या संगणकावर शिरोरेषा आपोआप जुळते हे त्यांनी पाहिलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं, पण फार काळ नाही. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “‘कर्तृत्व’ लिही.” वर रफार, खाली ऋकार, दोन्ही एकाच अक्षराला. मग “दुसऱ्या”. मग “ऊर्ध्व”. मग “विठ्ठल”. ‘विठ्ठल’मधला खालचा ठ पुढच्या ओळीतल्या वेलांटीला टेकला होता. त्यांनी पडद्यावर नख ठेवलं.

आता ‘एक टाइप’सारख्या मुंबईतल्या तरुण मंडळींनी ‘मुक्त’, ‘बालू’ असे फॉन्ट केलेत आणि ते कुणालाही फुकट वापरता येतात. कुठलाही नवा फॉन्ट आला की मी पहिल्यांदा ते चार शब्द टाइप करतो. पुस्तक मांडताना ओळींमधलं अंतर ‘विठ्ठल’वरून ठरवतो. अभंगांचं पुस्तक असेल तर पॉइंटभर जास्तच सोडतो आणि पानं वाढली म्हणून प्रकाशकाची बोलणी खातो.