उतारवयाचें तेलक्षेत्र

माझा पुतण्या नॉर्वेंत स्टाव्हांगर येथें तेलाच्या धंद्यांत आहे. परवां तो रजेवर आला तेव्हां वहिनींनीं मला एकीकडे घेऊन सांगितलें, "भावजी, आतां त्याला पुण्यासच राहावयास सांगा. तुमचें तो ऐकतो." मीं ही कामगिरी मोठ्या आत्मविश्वासानें पत्करली. म्हटलें, "अरे, तुमचें तें एकोफिस्क सांपडलें १९६९ सालीं, तेल निघूं लागलें १९७१ पासून. अशा उतारवयाच्या क्षेत्रापायीं उमेदीचीं वर्षें कां घालवतोस?"

तो उठला, नातवंडांच्या दप्तरांतून खडू घेऊन आला आणि त्यानें तो माझ्याच पाण्याच्या भांड्यांत सोडला. खडूंतून बारीक बुडबुडे उठूं लागले. "काका, हा बाजारचा खडू बहुधा जिप्समचा, तिकडचा अस्सल चुनखडीचा, पण पाणी पिण्याची रीत तीच. पाणी आंत शिरतें, हवा बाहेर येते. तिथें हवेच्या जागीं तेल."

समुद्रतळाखालीं सुमारें ३ किलोमीटर खोल असलेल्या त्या खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत तेल विपुल आहे, परंतु त्यांतून वाट फार अरुंद. तेल वाहतें तें खडकाच्या भेगांतून. ह्या भेगांमुळेंच प्रारंभीं तें भराभर हातीं आलें. पुढें दाब ओसरल्यावर पाणी सोडावें, तर तें खडकाला न शिवतां भेगेभेगेनें थेट विहिरींत निघून जाईल ही धास्ती! खडकानें तें आपण होऊन शोषलें, तरच आंतलें तेल भेगेंत उतरावयाचें. एकोफिस्कचा खडक पाणी प्याला. १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडूं लागले, आणि जेथें आरंभीं १७-१८ टक्केच तेल मिळेल अशी अटकळ होती, तेथें आतां निम्म्याहून अधिकाची अपेक्षा आहे.

"मग उणें कांहींच नाहीं?" मीं जरा चिडूनच विचारलें.

तो क्षणभर गप्प राहिला. तेल काढतां काढतां खडक दबला होता आणि वरचा समुद्रतळ खचला होता. १९८७ सालींच तेथील पोलादी मंच ६ मीटर उचलून घ्यावे लागले. पाण्यानें दाब सांवरला खरा, पण भिजल्या खडूचें बळ कमी होतें; तळ पुढेंही खचत राहिला. आजवर तो ९ मीटरहून अधिक खालीं गेला आहे. "हें माप घेत राहावें लागतें, काका," एवढेंच तो म्हणाला. मीं भांड्यांतला खडू काढून पाहिला. नख सहज रुतलें.

स्वयंपाकघरांतून वहिनींनीं विचारलें, "काय म्हणतो?"

"रजा संपली कीं जातो म्हणतो," मीं म्हटलें, आणि तें पाणी तुळशीला नेऊन घातलें.