लोणी गावातलं लोणी

आमच्या गावाचं नाव लोणी. लोणी काळभोर वेगळं, प्रवरानगरजवळचं लोणी वेगळं. आमचं आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडचं, धामणीच्या शेजारचं. कुठेही परगावी गेलं आणि गावाचं नाव सांगितलं, की समोरचा हसून म्हणतो, "मग काय, रोज लोणीच खात असाल!" आता त्याला काय सांगणार? आमच्याकडे पाऊस कमी, ओढे उन्हाळ्यात कोरडे आणि जनावरांच्या चाऱ्याची कायमची ओढाताण. १९८७ साली तर पावसाने अगदीच पाठ फिरवली होती. आमची एकुलती एक म्हैस आटली होती आणि लोणी गावातल्या आमच्या घरात लोण्याचा मागमूस नव्हता.

तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि माझा भाऊ बाळू चार वर्षांचा.

आमचे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, मुंबईत जेवणाचे डबे पोचवायचं काम करत. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागातली कितीतरी माणसं मुंबईत हेच काम करतात. नाना यात्रेला यायचे नाहीतर दिवाळीला. त्या दिवाळीत ते वसुबारसेला संध्याकाळी एसटीने आले. पिशवीत फटाके, चिवडा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं लोण्याचं एक मोठं पाकीट. म्हैस आटल्याचं पत्रातून कळलं होतं ना त्यांना, म्हणून मुद्दाम आणलं होतं.

पण वसुबारस म्हणजे गाय-वासराची पूजा. त्या दिवशी आमच्याकडे दूध, तूप, लोणी काही खात नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. आजीने पाकीट शिंक्यात ठेवलं आणि म्हणाली, "उद्याच्याला खा. आज हात लावायचा न्हाई."

मित्रांनो, शिंक्यातलं लोणी आणि घरातली पोरं यांचं काय नातं असतं, ते मी सांगायची गरज नाही. रात्री सगळे झोपल्यावर मी पत्र्याच्या डब्यावर चढले, पाकिटाचा कोपरा फाडला आणि बोटाने लोणी काढून चाटलं. इतक्यात मागून आवाज आला, "ताई, मला!" बाळू उठून बसला होता. तो ओरडू नये म्हणून मी त्याला भाकरीच्या तुकड्यावर चांगला बोटभर थर लावून दिला. त्याने मिटक्या मारत खाल्ला आणि आणखी मागितला. मी तोही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे एक दादा आले. ते मुंबईला माथाडी कामगार. नानांनी लोणी आणल्याचं ऐकलं आणि ते एकदम म्हणाले, "अहो नाना, पोरांना देऊ नका ते! मुंबईत लोण्यावरून कोर्टात केस चाललीय. रशियाची अणुभट्टी फुटली नव्हं का गेल्या साली? तिचं विष लोण्यात उतरलंय म्हणे. गळ्याला गाठी येतात."

नानांचा चेहरा पडला. आपण आणलेलं लोणी तेच की दुसरं, हे त्यांना तरी कसं कळावं? आजीने एक शब्द न बोलता पाकीट उचललं आणि परसात खड्डा खणून पुरायला लावलं. पुरता पुरता तिला फाटलेला कोपरा दिसला. "आत्ता गं बया," ती म्हणाली, "मांजरानं खाल्लं वाटतं!"

मी गप्प बसले.

त्यानंतर आमच्या घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सगळे जण मांजरावर लक्ष ठेवून होते. ते नीट खातंय का, झिंगतंय का, शिंकलं का! आणि मी बाळूवर. रोज रात्री तो झोपला की मी हळूच त्याच्या गळ्यावरून बोटं फिरवायची. गाठ लागते का? एकदा त्याला खोकला झाला, तेव्हा मी रात्रभर जागी होते. आईला सांगावं असं शंभर वेळा वाटलं. पण सांगितलं असतं तर मार बसला असता, आणि माराहून मोठी भीती ही होती, की आई रडेल.

खरं काय झालं होतं, ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळत गेलं. २६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत रशियाच्या युक्रेनमधल्या चेर्नोबिल इथली एक अणुभट्टी फुटली. तिच्यातली किरणोत्सारी द्रव्यं धुरासारखी वर गेली आणि वाऱ्याबरोबर देशोदेशी पसरली. स्फोट झाल्याचं रशियाने जगाला लगेच सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी स्वीडनमधल्या एका अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे तिथलं तपासणी यंत्र कोकलायला लागलं. आधी त्यांना वाटलं, आपल्याच भट्टीतून गळती झाली! मग शोध घेत गेल्यावर कळलं, की हे वाऱ्याबरोबर बाहेरून आलंय.

मे महिन्याच्या सुरुवातीला तो ढग आयर्लंडवर पोचला आणि तिथे नेमका पाऊस पडला. हवेतली द्रव्यं पावसाबरोबर गवतावर उतरली. गवत गाईंनी खाल्लं. गाईंच्या पोटातून ते दुधात, दुधातून लोण्यात. आणि युरोपातल्या देशांनी आपल्या ‘ऑपरेशन फ्लड’ या दूध योजनेला मदत म्हणून जे लोणी पाठवलं, त्यातलं २०० टन आयर्लंडचं लोणी मुंबईला आलं. मुंबईतल्या काही नागरिकांनी त्याला हरकत घेतली. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेलं आणि तिथून थेट दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात. कुठे युक्रेन, कुठे आयर्लंड, कुठे मुंबई आणि कुठे आमचं परसातलं खड्ड्यातलं पाकीट!

दिवाळीनंतर शाळा उघडली. मी धीर करून गुरुजींना विचारलं, "गुरुजी, मांजराने ते रशियाचं लोणी खाल्लं, तर किती दिवसांनी मरतं?"

गुरुजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मांजर किती वर्षांचं आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "एक दहा वर्षांचं आणि एक चार."

ते हसले नाहीत, हे मी आजवर विसरलेले नाही. चार दिवसांनी ते एक जाडजूड पुस्तक घेऊन आले आणि मधल्या सुट्टीत मला बोलावून त्यांनी टेबलावर बाजरीचे ६४ दाणे मोजून ठेवले. म्हणाले, "हे किरणोत्सारी आयोडीन. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती आयोडीन ओढून घेते. म्हणून गळ्याची भीती. पण हे आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं." त्यांनी ३२ दाणे बाजूला केले. "आणखी आठ दिवसांनी?" मी १६ काढले. मग ८, ४, २, १. "आता सांग, भट्टी फुटून किती दिवस झाले?" मी बोटांवर मोजलं. दीड वर्ष! म्हणजे जवळजवळ साडेपाचशे दिवस. साठाहून जास्त वेळा निम्मं. टेबलावर दाण्याचं टरफलसुद्धा उरत नव्हतं.

मला हायसं वाटलं. पण गुरुजी खरं सांगणारे होते. ते पुढे म्हणाले, "दुसरं एक असतं, सीझियम. ते निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. लोण्यात सापडलं असेल तर ते." माझ्या पोटात पुन्हा गोळा आला. तेव्हा त्यांनी समजावलं, की शरीरात ते तीस वर्षं बसून राहत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरातून साधारण शंभर दिवसांत निम्मं निघून जातं, मुलांच्या शरीरातून त्याहून लवकर. आणि किती खाल्लं, त्यात किती होतं, यावर सगळं अवलंबून. केळ्यातसुद्धा थोडा किरणोत्सर्ग असतो, तुझ्या-माझ्या अंगातही असतो. "आहे की नाही, हा प्रश्नच नाही पोरी," ते म्हणाले. "किती आहे, हा प्रश्न."

१९८८ साली नानांचं पोस्टकार्ड आलं. आजीला मीच वाचून दाखवलं. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची तीन जणांची समिती नेमली होती. एम. जी. के. मेनन आणि पी. के. अय्यंगार हे नावाजलेले शास्त्रज्ञ तिच्यात होते. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत किरणोत्सर्ग असलेले दुधाचे पदार्थ खायला सुरक्षित आहेत, असं समितीने सांगितलं आणि न्यायालयाने ते मानलं.

आजीने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्होजलं कुनी? आन् आपल्याला आधी का न्हाई सांगितलं?"

त्या वेळी घरातले सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न तेव्हाही वेडगळ वाटला नव्हता. चेर्नोबिलच्या आसपासच्या मुलांचं जे झालं, ते याच प्रश्नावरून. तिथल्या लोकांना वेळेवर सांगितलं गेलं नाही आणि मुलं पहिल्या आठवड्यांत ते ताजं दूध पीत राहिली. तिथे आठ दिवसांच्या आयोडीनला निम्मं व्हायलाही वेळ मिळाला नव्हता. पुढच्या वर्षांत तिथल्या हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. बहुतेक बरी झाली, पण गळ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण घेऊन मोठी झाली.

मांजराला पौषात चार पिल्लं झाली. आजीने मांजरावरची पहारेदारी उठवली. माझी बाळूवरची मात्र बरेच दिवस चालू होती.

मग बरीच वर्षं गेली. ११ मार्च २०११, शुक्रवार. मी तेव्हा मंचरला राहत होते. जपानमध्ये ९ रिश्टरच्या घरातला भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामी. समुद्राने अठरा हजारांहून अधिक माणसं नेली. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात पाणी घुसलं, डिझेलचे जनित्र बुडाले, भट्ट्या थंड ठेवणारी वीजच गेली आणि तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं. मी रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसायची. घरच्यांना वाटायचं, हिला एकाएकी जपानचं काय पडलंय!

एके दिवशी वाचलं, की तिथल्या दुधात किरणोत्सारी आयोडीन सापडलं आणि गवळ्यांना दूध ओतून द्यावं लागतंय. दूध ओतणं आपल्याला नवीन नाही. दरासाठी आंदोलन झालं, की आपल्याकडे रस्त्यावर ओततात. पण तिथे दरासाठी नव्हतं. विकता येत नाही म्हणून गाय पिळायची थांबवता येत नाही, कास दगडी होते. म्हणजे रोज सकाळी उठायचं, धार काढायची आणि रोज मातीत ओतायची. मी गाई-म्हशींच्या घरातली. मला ते फार लागलं.

इताते नावाचं एक खेडं आहे, केंद्रापासून साधारण ४० किलोमीटर. सुरुवातीला ते सुरक्षित मानलं होतं. पण वारा त्या दिशेने वळला आणि बर्फ-पावसाबरोबर सगळं तिथे उतरलं. अगदी आयर्लंडसारखं. महिन्याभरात सहा हजार माणसांना गाव सोडायला सांगितलं, गुरं विकावी लागली. २०१७ साली बहुतेक गाव पुन्हा राहायला खुलं झालं, पण परतले थोडेच, आणि त्यांत म्हातारी माणसं जास्त. आमच्या तालुक्याला ज्याचं नाव आहे, ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्यामुळे गाव सुटणं म्हणजे काय, हे इकडच्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. मात्र इतातेची घरं पाण्याखाली गेली नव्हती. तशीच उभी होती, कुलूप लावलेली.

आजी तेव्हा नव्हती, पण तिचा प्रश्न जपानमधल्या बायकांनी विचारला. इवाकी शहरातल्या आयांनी त्याच वर्षी ‘ताराचिने’ नावाची स्वतःची प्रयोगशाळा काढली. भाजी, तांदूळ, घराच्या अंगणातली माती, काहीही आणा, त्या मोजून देतात. सेफकास्ट नावाच्या गटाचे स्वयंसेवक गाड्यांना किरणोत्सर्ग मोजायची छोटी यंत्रं लावून रस्ते पालथे घालू लागले आणि आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवू लागले. सरकारनेही पुढे मर्यादा आणखी कडक केल्या. दुधासाठी किलोमागे ५० बेकरेल.

त्याच मार्चमध्ये एका रात्री बाळूचा फोन आला. आता तो चाकणला कंपनीत होता आणि त्याची मुलगी दीड वर्षाची होती. आवाज घाबरलेला. "ताई, मोबाइलवर मेसेज आलाय. जपानचा किरणोत्सर्ग इकडे येतोय, पावसात भिजू नका, गळ्याला आयोडीनचं औषध चोळा म्हणून. पोरीला दूध देऊ का नको?"

मी त्याला म्हटलं, जपान सहा हजार किलोमीटरहून लांब आहे, तिकडचा वारा बहुतेक करून समुद्राकडे, पूर्वेला जातो. गळ्याला औषध चोळून काही होत नाही. चीनमध्ये तर लोकांनी घाबरून मिठाची दुकानं रिकामी केली होती, त्याचाही उपयोग नव्हता. मग बाजरीच्या ६४ दाण्यांची गोष्ट सांगितली. तो शांत झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आणि आपल्या तारापूरला काही झालं तर?" तो प्रश्न मी टाळला नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ सालच्या, फुकुशिमासारख्याच उकळत्या पाण्याच्या जातीच्या. फुकुशिमानंतर आपल्या सगळ्या केंद्रांची पुन्हा तपासणी सुरू झाली. जैतापूरवरून कोकणात तेव्हा वाद पेटलाच होता. "विचारत राहायचं," मी म्हटलं. यापेक्षा जास्त मला माहीत नव्हतं.

मग मला राहवेना. चोवीस वर्षं पोटात ठेवलेलं मी त्याला सांगून टाकलं. वसुबारस, शिंकं, भाकरीचा तुकडा, मांजरावरचा आळ, सगळं. रोज रात्री त्याचा गळा चाचपायची तेही सांगितलं.

पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, रागावला. फोन कट झाला की काय म्हणून मी "हॅलो, हॅलो" केलं.

"ताई," तो म्हणाला, "ते लोणी खारट होतं ना गं?"