सेच्या वह्या

बेंबिक्स वंशातल्या गांधीलमाशीची मादी वाळूत बीळ खणते, अंडं घालते आणि अळी वाढत जाईल तशा ताज्या माश्या पकडून तिला भरवत राहते. बाहेर पडताना बिळाचं तोंड बुजवते. परतल्यावर सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या त्या वाळूत नेमकी आपल्याच दाराशी उतरते. कीटकशास्त्रज्ञ हॉवर्ड एन्साइन इव्हान्स यांचं आयुष्य हे पाहण्यात गेलं. हार्वर्डमध्ये, मग कोलोरॅडोत त्यांनी शिकवलं, शेकडो नव्या जातींचं वर्णन केलं.

उतारवयात ते जुन्या मोहिमांकडे वळले. १८२० साली मेजर स्टीफन लाँगची तुकडी मिसुरीकाठून रॉकी पर्वतांकडे निघाली होती. इतिहासाने तिच्यावर अपयशाचा शिक्का मारला, आणि तिच्या नकाशाने त्या अफाट गवताळ मुलखावर वाळवंटाचा. १९९७ च्या आपल्या पुस्तकात इव्हान्सनी त्या ‘वाळवंटा’तलं जगणं पुन्हा गोळा केलं. एडविन जेम्स हा तुकडीतला तरुण डॉक्टर पाइक्स शिखर चढला; जिथे झाडं संपतात त्याच्याही वरची इवली फुलं त्याने जमवली. टिशियन पील चित्रं काढत होता. थॉमस से किड्यामुंगीपासून कोयोटपर्यंत दिसेल त्याचं वर्णन लिहीत होता.

आणि ऑगस्टच्या अखेरीस एका रात्री तीन शिपाई पळाले. चांगले घोडे नेले, खोगिराच्या पिशव्याही. त्यांत सेच्या वह्या होत्या. त्या परत मिळाल्या नाहीत.

मी इथून पुढे सरकू शकत नाही. घोडे पुन्हा विकत मिळतात. पण त्या उन्हाळ्यातलं ते गवत, त्यातले ते जीव, एका सावध माणसाने जागच्या जागी टिपलेले! पुढे त्या मैदानांवर नांगर फिरले, बायसनचे कळप कापले गेले. पुन्हा जाऊन पाहायला ते १८२० उरलंच नाही. ही चोरी किती मोठी, हे वाळूत गुडघे टेकून नोंदी करणाऱ्यालाच कळणार.

इव्हान्स सर, २००२ मध्ये तुम्ही गेलात. तुमच्या नोंदी छापून झाल्या होत्या, त्या सुरक्षित आहेत. कोयोटच्या शास्त्रीय नावापुढे ‘से, १८२३’ लिहितात, तसं कितीतरी गांधीलमाश्यांच्या नावापुढे ‘इव्हान्स’ लिहिलं जातं. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदावरचा किडा ओळखीचा निघावा आणि तो टिपणाऱ्याच्या थकव्यानेही आतून हलावं, असा वाचक त्या जुन्या वाटसरूंना आता कुठून मिळायचा?