ऐकलेले लिहिण्याची विद्या

गाणे ऐकून मान डोलावणारे पुष्कळ असतात. परंतु काय ऐकले ते चार ओळींत लिहा, असे म्हटले की लेखणी अडते. वाचकहो, आपल्या घरातील एखाद्या मुलाला वा मुलीला संगीतावर लिहिण्याची हौस असेल, तर हे चार शब्द तिच्यासाठी आहेत.

मी मराठी, व्यवसाय भाषांतराचा आणि वास्तव्य बंगळूरचे. माझे कान ख्यालगायनावर पोसलेले. येथे मात्र १९०५ साली स्थापन झालेल्या गायन समाजात, किंवा रामनवमीच्या सुमारास चामराजपेठेत श्री रामसेवा मंडळीच्या उत्सवात, मुख्यतः कर्नाटक संगीत कानी पडते. आपला मालकंस येथे हिंदोळम् म्हणून भेटतो, भूप मोहनम् होतो. उलट, तोडीचे नाव ऐकून आपल्या तोडीची वाट पाहावी, तर पुढे येतात ते बव्हंशी आपल्या भैरवीचे स्वर! मराठीतील ‘शिक्षा’ हिंदीत गेली की शिक्षण होते, तसाच हा प्रकार. तेव्हा पहिला धडा हा, की नावावर विसंबू नये. कानांनी खात्री करून घ्यावी. आदितालाच्या आठ मात्रा मी पुस्तकातून शिकले नाही. शेजारी बसलेल्या एका आजींचा हात मांडीवर चालला होता: एक टाळी, तीन बोटे, मग टाळी आणि पालथा हात, असे दोनदा. तो पाहून शिकले.

दुसरा धडा अभ्यासाचा. ‘घरंदाज गायकी’ हा १९६१ सालचा ग्रंथ लिहिणारे वामनराव देशपांडे व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. परंतु गाण्याची तालीम त्यांनी स्वतः घेतली होती. गायकांवर मार्मिक लिहिणारे केशवराव भोळे हे ‘संत तुकाराम’ या १९३६ सालच्या चित्रपटाचे संगीतकार. लिहिणाऱ्याने गवई व्हावे असे नाही. परंतु एक तान स्वच्छ येण्यास किती घाम गाळावा लागतो, हे त्याने अनुभवलेले असावे.

तिसरा धडा भाषेचा. आमच्या शेजारच्या एका मुलीने अनेक वर्षांच्या मेहनतीनंतर वीणेचा पहिला कार्यक्रम केला. वृत्तपत्रात ओळ आली, ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले.’ घरच्यांनी कात्रण जपून ठेवले. ती मात्र मला म्हणाली, “अक्का, यात मी काय वाजवले ते कुठे आहे? काय सुधारायचे ते तरी कुठे आहे?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. स्तुती तिला मिळाली होती. तिचे ऐकून घेणारा कोणी मिळाला नव्हता. आलापीत ती कोठे रमली, लय कोठे धावली, मृदंगाने तिला कोठे सावरले, हे सौम्य शब्दांत सांगणारा टीकाकार तिचा खरा हितचिंतक ठरला असता.

रागाचे, रचनाकाराचे व साथीदारांचे नाव पडताळून घ्यावे. टिपण त्याच रात्री करावे. फुकट मिळालेल्या प्रवेशपत्रिकेचे उपकार लेखणीवर चढू देऊ नयेत. हे नियम लहान खरे, पण लेखकाचा विश्वास त्यांवरच उभा राहतो.

या आठवड्यात एखादी मैफल ऐका, रेडिओवरची का असेना. मग तिच्याविषयी दहा ओळी लिहा; ‘अप्रतिम’ आणि ‘मंत्रमुग्ध’ हे दोन शब्द वर्ज्य. त्या ओळी मैफल न ऐकलेल्या माणसाला वाचून दाखवा आणि त्याला काय ऐकू आले ते विचारा. त्याच्या उत्तरात आपली पुढची शिकवणी सापडेल.