भाड्याचे घर, उघडे दार

घर भाड्याने घेणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, बदलीच्या गावी आपण सारेच कधी ना कधी दुसऱ्याच्या छपराखाली राहिलो आहोत. परंतु केवळ तीन दिवसांच्या सुखासाठी, एखाद्या बेटावर, पाण्याच्या काठी, पोहण्याच्या तलावासह आख्खा बंगला भाड्याने घ्यावा, ही कल्पना आमच्या पिढीच्या स्वप्नातही नव्हती. आमच्या लहानपणी ‘हवापालट’ असा एक शब्द होता. तो डॉक्टरांच्या तोंडी असे आणि श्रीमंतांच्या वाट्याला येई. आता तीच हवा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आहे. ती घेताना आपण नेमके काय विकत घेतो, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

आम्ही उभयता सावेडीचे. पाइपलाइन रोडच्या आतल्या गल्लीत आमचे घर. समुद्र आमच्यापासून दोनशे किलोमीटरहून दूर. नळाला येते ते मुळा धरणाचे पाणी, आणि ते रोज येईलच असा भरवसा आम्ही कधी धरला नाही. अशा गावच्या माणसांना पाण्याकाठच्या बंगल्याचे वेड लागावे, याचे निमित्त होते आमच्या थोरल्या दादा-वहिनींच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव. पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याने जाहीर केले, “काका, सगळा खर्च माझा. आपण माल्टाला जाऊ.” त्याने छायाचित्रे दाखविली. भूमध्य समुद्रातील ती चिमुकली बेटे. शेजारच्या गोझो बेटावर पिवळसर दगडाची जुनी शेतघरे दुरुस्त करून, अंगणात निळा तलाव बांधून, पर्यटकांना आठवड्याच्या बोलीने भाड्याने दिली जातात. माल्टा देशाचे सारे क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर. आमच्या एकट्या जिल्ह्याचे १७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. तेथे एकही मोठी नदी नाही. पिण्याचे बरेचसे पाणी समुद्राच्या पाण्यातील मीठ काढून मिळवावे लागते. पूर्वीचे लोक तर घराखालच्या खडकात टाकी खोदून पावसाचा थेंब न् थेंब साठवीत. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, “मग हे आपल्यासारखेच कोरडे गाव की! तिथे तलावात डुंबायचे कशाला?”

दादा निवृत्त शिक्षक. त्यांना माल्टा हे नाव ऐकताच दुसरेच काही आठवले. “अरे, हे तर संत पौलाचे बेट!” प्रेषितांच्या कृत्यांतील शेवटचे दोन अध्याय त्यांना जवळजवळ पाठ आहेत.

परंतु दादांचे गुडघे, वहिनींचा रक्तदाब, दोघांचेही नसलेले पारपत्र, यांपुढे माल्टाचा बेत टिकला नाही. शिवाय ते वर होते २०२४. दर दहा वर्षांनी होणारा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाचा सोहळा त्या वर्षी २१ नोव्हेंबरला सुरू होऊन ५ जानेवारी २०२५ पर्यंत चालणार होता. तेव्हा ठरले, बेट हवेच असेल तर गोव्याचे घेऊ. जुन्या गोव्यासमोर मांडवीच्या पात्रात दिवाडी बेट आहे. तेथील एक जुना, नूतनीकरण केलेला बंगला पुतण्याने तीन रात्रींसाठी ठरविला. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही लहानथोर बारा जण निघालो.

निघताना मागे एक प्रश्न ठेवून आलो होतो, तोही येथे सांगणे प्राप्त आहे. मुलगी परदेशी गेल्यापासून आमच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. एका शिकवणी-वर्गाच्या चालकाने त्या मागितल्या होत्या, भाडेही चांगले देऊ केले होते. दुसरीकडे परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या तीन मुलींनाही त्या हव्या होत्या. त्या मुली खेड्यातल्या, त्यांचे देणे बेताचे. परत आल्यावर उत्तर देतो, असे आम्ही दोघांनाही सांगितले होते.

दिवाडीला पूल नाही. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पाच-दहा मिनिटांत पलीकडे उतरावे लागते. मांडवी येथे समुद्राच्या इतकी जवळ आहे की, भरती-ओहोटीने तिचे पाणी चढते-उतरते. बेटाच्या सखल भागात बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाजन शेते आहेत, आणि टेकडीवर पिएदाद गावचे पांढरेशुभ्र चर्च. आमचा बंगला त्या उतारावर होता. चिऱ्याच्या जाड भिंती, वर कौले, पुढे दोन्ही बाजूंना दगडी बाके असलेला सोपा (त्याला तेथे ‘बाल्कांव’ म्हणतात), खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे. आत मात्र वातानुकूलन, गुळगुळीत स्नानगृहे आणि मागच्या अंगणात तलाव. आमच्या धाकट्या नातवंडांनी त्यात उडी घेतली, तेव्हा वहिनी काठावर बसून कितीतरी वेळ त्या पाण्याकडे पाहत होत्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बाईने त्या पाण्याकडे कसे पाहावे, हे आम्ही त्यांना शिकविण्याचे कारण नव्हते.

दिवाणखान्यात कोरीव लाकडाचे देवघर होते. ते बंद होते, किल्ली लावलेली. भिंतींवर फिकट चौकोन उमटलेले दिसत; त्या जागी कधीकाळी घरच्या माणसांची छायाचित्रे टांगलेली असणार. घर सांभाळणाऱ्या मावशींनी हळूहळू सारी हकिकत सांगितली. घरधनी वारले. पाच मुले, कोणी लिस्बनला, कोणी इंग्लंडमधील स्विंडनला, कोणी कॅनडात. गोव्यात पोर्तुगीज काळापासून, १८६७ च्या नागरी संहितेपासून चालत आलेल्या कायद्याने मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व अपत्यांना सारखा वाटा मिळतो. आईबापांना सारी मालमत्ता एकालाच देऊन टाकता येत नाही. न्याय म्हणून ही गोष्ट उत्तमच. आपल्याकडच्या बहिणींना हे फार उशिरा मिळाले. पण एका घराचे पाच धनी पाच देशांत असले, की विकायलाही एकमत होत नाही आणि राहायलाही कोणी येत नाही. पावसाळा तर थांबत नाही. कौले फुटतात, वासे कुजतात. म्हणून भावंडांनी घर एका व्यवस्थापकाच्या स्वाधीन केले. पर्यटकांच्या भाड्यातून छप्पर शाबूत राहते. ज्या ऐषारामासाठी आमच्या पुतण्याने पैसे मोजले, तो वस्तुतः एका कुटुंबाच्या पांगण्यातून निर्माण झालेला होता. आम्ही भाड्याने घेतला होता तो एक रितेपणा.

पहिल्या संध्याकाळी दादांनी सोप्यावर बसून नातवंडांना पौलाच्या गलबताची गोष्ट सांगितली. चौदा रात्री वादळात भरकटलेले जहाज, त्यात दोनशे शहाहत्तर माणसे, आणि शेवटी बेटाच्या किनाऱ्यावर फुटलेले तारू. पाऊस आणि थंडी म्हणून बेटवासीयांनी शेकोटी पेटविली. मग त्या बेटाच्या प्रमुखाने, पुब्ल्याने, त्यांना आपल्या वाड्यावर नेऊन तीन दिवस आदराने ठेवून घेतले. त्याचा बाप तापाने आणि अतिसाराने आजारी होता. पौलाने त्याच्यावर हात ठेवले. दादांनी मुलांच्या लक्षात आणून दिले, की हे लिहिणारा ‘आम्ही’ म्हणतो. तो स्वतः त्या पाहुण्यांत होता. “आपणही तीनच दिवस राहणार,” एक नात म्हणाली, “पण आपण पैसे दिलेत.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दर्शनाला गेलो. एरवी बॉम जेझूस बासिलिकेत असणारे संतांचे अवशेष सोहळ्याच्या काळात समोरच्या से कॅथेड्रलमध्ये ठेवले होते. रांगेत आम्हाला आमच्याच जिल्ह्यातील एक जथा भेटला. राहुरी तालुक्यातून बसने आलेली पन्नासएक माणसे. त्यांत वहिनींच्या माहेरची एक बालमैत्रीण निघाली. रात्रभरचा प्रवास, सभागृहाच्या फरशीवरची झोप आणि ऊन यांमुळे ती दुपारी भोवळ येऊन पडली. यात्रेकरूंसाठी ठेवलेल्या वैद्यकीय पथकाने तिला तपासले, घाबरण्याचे कारण नाही पण रात्रभर स्वस्थ पडू द्या, असे सांगितले. त्यांची बस दुसऱ्या दिवशी दुपारी निघणार होती.

आमच्या बंगल्यात एक खोली रिकामीच होती. वहिनींनी क्षणाचाही विचार न करता मैत्रिणीला फेरीत बसविले. पुतण्याने सरळपणे व्यवस्थापकाला दूरध्वनी करून कल्पना दिली. उत्तर आले की करारात बारा नावे आहेत, तेरावे चालणार नाही. जादा पैसे दिले तरी नाही. नियम मोडल्यास अनामत परत मिळणार नाही. त्या माणसाची बाजूही समजण्यासारखी होती. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांची गोव्यात १९८२ च्या कायद्याने नोंदणी करावी लागते, आणि घरात कोण उतरले आहे याची जबाबदारी त्याच्यावर. पुतण्या म्हणाला, “अनामत जाऊ दे.” दादा म्हणाले, “शब्द दिलेला आहे.” वहिनी काहीच बोलल्या नाहीत, मैत्रिणीचा हात धरून सोप्यावरच्या दगडी बाकावर बसून राहिल्या.

तेवढ्यात मागच्या दाराने मावशी आल्या. त्यांनी सारे ऐकले असावे. “म्हज्या घराक कसलोच करार ना,” एवढेच त्या म्हणाल्या. बंगल्याच्या कुंपणामागे त्यांचे दोन खोल्यांचे घर. तेथे त्यांनी स्वतःची खाट रिकामी केली, पेज केली, लोणच्याची फोड घालून पाहुणीला भरविली. रात्री आम्ही बाराच्या बारा जण त्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसलो. भिंतीवरच्या येशूच्या पवित्र हृदयापुढे दिवा होता. जपमाळेची अर्धी गुपिते कोंकणीत झाली, अर्धी मराठीत. पलीकडे सजविलेला बंगला आणि निळा तलाव त्या वेळी दिव्यांनी उजळून रिकामा पडला होता.

सकाळी पाहुणीला बरे वाटले. मावशींनी पैसे घेतले नाहीत. वहिनींनी घरून आणलेले बाजरीचे पीठ आणि शेंगदाण्याची चटणी मात्र त्यांनी आनंदाने ठेवून घेतली, आणि ‘देव बरें करूं’ म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर आमच्या मनात संत झेवियरच होते. १५४२ च्या मे महिन्यात ते पोपचे प्रतिनिधी म्हणून गोव्यात उतरले, तेव्हा त्यांना कोणताही वाडा मिळाला असता. त्यांनी राहण्यासाठी इस्पितळ पसंत केले, आजाऱ्यांच्या शेजारी. आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांशियान या छोट्या बेटावर, एका झोपडीत, त्यांनी प्राण सोडला. त्यांच्या दर्शनासाठी जाणाऱ्याने बंगल्यात राहूच नये, असे आमचे म्हणणे नाही. दादा-वहिनींनी पन्नास वर्षे संसार ओढला. तीन दिवस मऊ गादीवर झोपण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि पुतण्याच्या प्रेमाचे मोल आम्ही जाणतो. भाडे देण्यात आणि घेण्यातही काही उणे नाही. त्या भाड्यानेच तर ते घर उभे आहे.

परंतु पौलाची ती गोष्ट पुब्ल्याच्या वाड्यावर संपत नाही, हे प्रवासात दादांनीच आम्हाला सांगितले. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल रोमला पोहोचतो आणि पुरी दोन वर्षे स्वतः भाडे भरून एका घरात राहतो. पहाऱ्यावर शिपाई असतो. तरी त्याच्याकडे येईल त्या प्रत्येकाचे तो स्वागत करतो. म्हणजे एकाच अध्यायात दोन घरे आहेत: एक विनामूल्य मिळालेले, एक भाड्याचे, एक धनिकाचे, एक कैद्याचे. दोहोंत सारखे काही असेल तर ते उघडे दार. आतिथ्य पैशाने विकत मिळत नाही हे खरे, पण पैसे दिले-घेतले म्हणून ते मरतेच असेही नाही. करारात त्याच्यासाठी जागा ठेवावी लागते, इतकेच.

सावेडीला आल्यावर आम्ही त्या तीन मुलींना होकार कळविला. भाडे घेतो, नाही म्हणत नाही, कारण आमच्याही कौलांना, म्हणजे गच्चीला, पावसाळा आहेच. रीतसर अकरा महिन्यांचा करार केला. मुद्रांक विकणाऱ्याकडे छापील मसुदा होता. त्यात बाहेरील व्यक्तीस मुक्कामास मनाई असे एक कलम होते. ते आम्ही खोडून घेतले. त्यानंतरच्या पावसाळ्यात तिघींपैकी एकीची आई डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी नगरला आली होती. आठ दिवस माडीवर राहिली. निघताना त्या माउलीने आमच्या हिला विचारले, “बाई, माझे काही द्यायचे राहिले का?” आम्ही म्हणालो, “नाही. पण पुन्हा या.”