ब्रीदरच्या धुरास, वाकोल्याहून

ब्रीदरच्या धुरा,

तुझा मोठा भाऊ सायलेन्सरमधून निघतो, तू इंजिनाच्या चेंबरला श्वास देणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून. त्याच्यावर कोर्टात केसेस झाल्या, पेपरात अग्रलेख आले. तुझं नाव कोणी काढत नाही. पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये खुपसतो, ड्रायव्हर रेस देतो, जुन्या गाडीचा आकडा ६५ हार्ट्रिजच्या आत आला की सर्टिफिकेट हातात. तेवढा वेळ तू चेसिसखाली गुपचूप टिपकत असतोस. म्हणून हे पत्र तुला.

थंडी आली की तू दिसायला लागतोस. आता वाकोल्यात कसली आलीय थंडी, असं नाशिकवाले हसून विचारतील. आमच्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेचा नीचांकच मुळी ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा. पण हायवेच्या पुलाखाली पहाटे उभ्या गाडीला सेल्फ मारला, की इंजिनाच्या कुशीतल्या नळीतून तू पांढऱ्या वाफेसारखा येतोस. जळक्या ऑइलचा तो वास सायलेन्सरच्या वासापेक्षा जड असतो. नाकात बसतो.

गेल्या जानेवारीत निफाडची द्राक्षं वाशीला उतरवून एक जुनी फेस काउल गाडी गॅरेजला आली. तुझ्या नळीच्या तोंडाला तारेने बांधलेली पाण्याची बाटली होती. चेसिस घाण होऊ नये म्हणून हा उपाय बरेच जण करतात. मी ती सोडवून उजेडात धरली. तळाला गढूळ पाणी, वर काळं ऑइल आणि मधे सायीसारखा पिवळट थर. ड्रायव्हरचा चेहरा उतरला. "पाणी आलं म्हणजे हेड गॅस्केट गेलं का, उस्ताद?"

रेडिएटर बघितला, पाणी काठोकाठ. मग त्याला सांगितलं, बाबा, एक लिटर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे जाते. थोडी दाबलेल्या गॅससोबत रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. या गळतीला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. नव्या इंजिनातही ते थोडं असतंच, रिंगा आणि लायनर झिजले की वाढतं. उन्हाळ्यात वाफ तशीच उडून जाते. कसाऱ्याच्या घाटात पहाटेचा गारठा नळीला लागला, की वाफेचं पाणी होतं, ऑइलशी घुसळतं आणि ही साय जमते.

साय ही खरी भानगड नव्हती. बाटली नळीवर इतकी घट्ट बसवली होती की तुला बाहेर पडायला जागाच नव्हती. मग तू वाट शोधलीस. ऑइलची पट्टी दोन बोटं वर उचललेली, क्रँकचं मागचं ऑइल सील पाझरत होतं आणि क्लच हाउसिंगखाली ओल. काही जण नळीत चिंधीच कोंबतात. त्याचाही हिशेब शेवटी सीलवरच येतो.

कलिना कॅम्पात राहून गेलेले एक निवृत्त हवालदार चहाला येतात. लेहमध्ये बर्फच ही चिंधी कोंबतो, असं ते सांगतात. रात्री नळीचं टोक गोठतं, सकाळी इंजिन कोंडतं. त्यावर त्यांचा उपाय साधा. नळीवर जाड कापड गुंडाळायचं, तिला कुठेही झोळ पडू द्यायचा नाही, म्हणजे पाणी साठत नाही. आणि इंजिनाजवळ, जिथे ऊब असते, तिथे नळीला एक छोटी खाच पाडायची. टोक बंद झालं तरी तू तिथून निसटतोस.

तुला परत इंजिनातच का पाठवत नाही, असं विचारणारेही भेटतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९६० च्या दशकात मोटारींना तेच करायला लावलं. पण त्या पेट्रोलच्या. तिथे थ्रॉटलमागे ओढ असते, जुन्या डिझेलला सहसा थ्रॉटलच नसतो. हे मला कळायच्या आधी मी तो शहाणपणा करून बसलो होतो. नळी सरळ एअर क्लीनरला जोडली. चेंबरमध्ये ऑइल जरा जास्तच होतं. रेस दिली, इंजिनाने तुझ्यासोबतचं ऑइल ओढलं आणि ते स्वतःच्याच ऑइलवर चालू लागलं. डिझेल बंद करायची तार ओढून हातात आली तरी आवाज चढतच गेला. गॅरेजच्या पोऱ्याने हवा ओढणाऱ्या होजच्या तोंडावर फळी दाबली तेव्हा कुठे थांबलं. आता मी मधे ऑइल वेगळं करणारा डबा असल्याशिवाय त्या वाटेला जात नाही.

द्राक्षाच्या गाडीचं इंजिन गरम करून ऑइल भरायच्या तोंडावर झाकण उलटं ठेवलं. थरथरलं, नाचलं, पण उडून पडलं नाही. म्हणजे रिंग-पिस्टनला अजून वेळ होता. मालकाला ते ऐकायचंच होतं. सील बदललं. नळी सरळ उताराची केली. बाटलीला वर दोन मोठी भोकं पाडली. "गरम होते" म्हणून उन्हाळ्यात कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला, तोही बसवला. गार पडलेल्या इंजिनात पाणी उडतच नाही, आणि अर्धा तास नुसतं आयडलवर ठेवूनही ऑइल पुरेसं तापत नाही. त्यापेक्षा दोन मिनिटांनी हळूहळू निघालेलं बरं.

एक मात्र माझ्याही उशिरा लक्षात आलं. फेस काउलमध्ये इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हरच्या बाजूला. थंडीत काचा बंद करून क्लीनर त्या उबदार बॉनेटवर झोपतो. गिअरच्या दांडीचं रबर फाटलेलं होतं आणि तुझी नळी बरोबर त्याच्याखाली संपत होती. पोराच्या मफलरला तुझाच वास. नळीचं टोक चेसिसखाली मागे नेलं, रबर नवं घातलं, बॉनेटच्या कडेची पट्टीही बदलली.

बाटलीत वर तरंगणारं काळं ऑइल त्या पोराने मागून घेतलं, फाळक्याच्या कड्यांना लावायला.

तुझा,
वाकोल्यातला एक मिस्त्री