फळ्यावरचा बाण

डब्लिन,
रविवार

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आयर्लंडात सेल्ट लोक कोणत्या साली आले गं?" मी नुसतंच "कळवते" म्हणाले, कारण उत्तर एका सालात मावत नाही. तुम्ही वर्गात फळ्यावर नकाशा काढून खडूनं बाण मारायचात: इथून निघाले, इथं पोचले. इकडच्या जुन्या पुस्तकांतही तसाच बाण असायचा. मध्य युरोपातून निघालेला, इसवी सनापूर्वी ५००च्या आसपास लोखंडी तलवारी घेऊन या बेटावर उतरलेला.

पण बेट तेव्हा रिकामं नव्हतं. उत्तरेला बान नदीच्या काठी माउंट सँडल नावाची जागा आहे. १९७०च्या दशकात पीटर वुडमन यांनी तिथं उत्खनन केलं. गोल झोपड्यांच्या खांबांचे खळगे निघाले, हेझलनटची जळकी टरफलं, सामन माशांची हाडं, रानडुकरांची हाडं. साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं खरकटंच म्हणा ना!

मग शेतकरी आले, होडीतून गुरं आणि बियाणं घेऊन. त्यांची गोष्ट तुम्हाला आवडेल, कारण तिचा नायक शाळामास्तर आहे. मेयो परगण्यात पॅट्रिक कॉलफील्ड १९३०च्या दशकात सरपणासाठी दलदलीतलं पीट कापत होते. खाली खोलवर दगड लागले, तेही रांगेनं रचलेले. दलदल साठण्याच्या आधी हे कुणी तरी रचलंय, हे मास्तरांनी ओळखलं. पुढं त्यांचा मुलगा शेमस पुरातत्त्वज्ञ झाला आणि लोखंडी सळया पीटमध्ये खुपसत त्यानं त्या भिंतींचा माग काढला. ते शेतांचे बांध होते, डोंगरउतारावर दूरवर गेलेले. आज त्या जागेला केडा फील्ड्स म्हणतात.

त्याच शेतकऱ्यांच्या वंशजांनी सुमारे ५२०० वर्षांपूर्वी न्यूग्रेंज बांधलं, म्हणजे हडप्पाची नगरं भरात येण्याच्या कितीतरी आधी. आम्ही आत जाऊन आलो. १९ मीटरची बोळ, अंग चोरून जावं लागतं. दारावरच्या झरोक्यातून वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांच्या पहाटे सूर्य थेट गाभाऱ्यापर्यंत येतो. मायकेल ओकेली यांनी १९६७च्या २१ डिसेंबरला ते स्वतः आत उभं राहून पाहिलं.

आता तुमचे सेल्ट. २०१५ साली इथल्या संशोधकांनी जुन्या हाडांतला डीएनए वाचला. बेलफास्टजवळची पाच हजार वर्षांपूर्वीची एक बाई. तिचे पूर्वज मुख्यतः पश्चिम आशियातून पसरलेले शेतकरी. आणि रॅथलिन बेटावर एका पबच्या मागं सापडलेले तीन पुरुष, साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीचे. त्यांच्यात काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशाचा वारसा मिसळलेला. आजचे आयरिश लोक या तिघांना जवळचे. म्हणजे मोठी भर पडली ती कांस्ययुगात, बाणाच्या दीड हजार वर्षं आधी. लोखंडी तलवारींच्या काळात मोठी झुंड आल्याची खूण जमिनीत सापडत नाही. नक्षीची नवी धाटणी आली, काही माणसंही आली असतील, एवढंच.

मग ‘सेल्ट’ आले कुठून? नाव ग्रीकांच्या लिखाणातलं, युरोपच्या मुख्य भूमीवरच्या टोळ्यांसाठी वापरलेलं. जुने आयरिश स्वतःला तसं म्हणवत नव्हते. १७०७ साली एडवर्ड लुइड यांनी आयरिश, वेल्श, ब्रेटन या भाषा एका कुळातल्या असल्याचं दाखवलं आणि पुढं ते नाव भाषांना, मग माणसांनाही चिकटलं. खरोखर आली ती भाषा. पण भाषेला हाडं नसतात, त्यामुळे ती कधी आली हे खणून कळत नाही.

ती ऐकावी मात्र लागते. तुमचा नातू शाळेत आयरिश शिकतो. काल जेवताना बोटांवर मोजत होता: "डो, त्री... शे, शख्त, ओख्त, नी, देह." मी वाढता वाढता थांबले. दोन, तीन... सहा, सात, आठ, नऊ, दहा! आयरिश आणि मराठी, एकाच आजीची दोन नातवंडं, हजारो वर्षांनी एका ताटावर भेटलेली.

बाबा, आता सांगा, फळ्यावर बाण कुठून कुठं काढायचा?

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल चोळत जा.

तुमची,
सुमी